राणीच्या बागेत काय बघायचं

राणीच्या बागेत जायचं, यावर घरात एकमत होतं. कशासाठी जायचं, यावर मात्र आई आणि ताई दोन टोकांना होत्या. आई लालबागच्या चाळीत वाढली आणि पुढे परळला महापालिकेच्या शाळेत शिकवायला लागली. ही बाग म्हणजे गिरणगावातल्या मुलांच्या हक्काची जागा, असं ती मानते. ताई माझी मावसबहीण, पुण्यात पशुवैद्य आहे. नाताळच्या सुट्टीत ती दोन्ही मुलांना घेऊन आमच्याकडे आली होती. मुलांनी झाडं बघावीत, म्युझियम बघावं, कोंडलेली जनावरं मात्र त्यांना दाखवू नयेत, असं तिचं म्हणणं होतं.

दोघींचं बोलणं भायखळा स्टेशनाच्या जिन्यावर सुरू झालं, ते बाग बंद होण्याच्या शिट्ट्या वाजेपर्यंत चाललं. त्यातलं बरंचसं मी इथे उतरवलं आहे. जिथे राहवलं नाही तिथे माझंही मत घातलं आहे.

ताई : मावशी, अजूनही सांगते, सरळ बोरिवलीला जाऊ या. नॅशनल पार्क याच शहरात आहे. तिथे बिबटे मोकळे राहतात.

आई : राहतात गं, पण दिसतात का? धाकटा पाच वर्षांचा आहे तुझा. दिवसभर पायपीट करून त्याला काय दिसणार?

ताई : पानं दिसतील, ठसे दिसतील, माकडं दिसतील. बिबट्या नाही दिसला तरी चालेल. जनावर आपल्या सोयीने समोर येत नसतं, हे मुलांना लहानपणीच कळलेलं बरं.

आई : तू हे म्हणू शकतेस, कारण तुझ्या मुलांनी ताडोबा पाहिलंय. ही तिकिटाची रांग बघ. तो पुढचा माणूस बायको, दोन मुलं आणि म्हातारी आई, सगळ्यांना घेऊन आलाय. ताडोबाची एक सफारी म्हणजे जिप्सी, गाइड, प्रवेश मिळून काही हजार रुपये. वर चंद्रपूरपर्यंतचा प्रवास. त्याला कधी जमायचं हे? त्याच्या पोराने वाघ मोबाइलवरच बघायचा का?

ताई : मोबाइलवर निदान तो जंगलात चालताना तरी दिसतो.

आई : पण केवढा असतो ते कळत नाही. आमच्या पुस्तकांत हत्ती आणि मांजर एकाच मापाचे छापलेले असायचे. वर्गातल्या मुलींना मी इथे आणायचे तेव्हा पहिल्यांदा हत्ती बघून काही जणी अक्षरशः माझ्या पदराआड लपायच्या. जनावर समोर उभं राहिल्याशिवाय त्याचं माप कळत नाही. आणि माप कळल्याशिवाय आदर वाटत नाही.

ताई : आदर वाटायला तो हत्ती मालकीचा असावा लागतो का? इथे हत्तीवर बसवून चक्कर मारायचे तेव्हाही अशीच रांग असायची. रांग आहे म्हणून गोष्ट बरोबर ठरत नाही.

आई : ती चक्कर बंद झाली ते उत्तम झालं. मी त्या चकरेसाठी भांडत नाही. मी या माणसासाठी भांडतेय. 2017 पर्यंत मोठ्या माणसाला इथे 5 रुपये पडायचे. त्या वर्षी एकदम 50 केले. चौघांच्या कुटुंबाला 100 अशी सोय ठेवली आहे खरी, पण त्याच्या म्हाताऱ्या आईला आणि भाच्याला बरोबर आणायचं तर तो दहादा विचार करणार.

तिकिटं काढून आम्ही आत शिरलो. इथे थोडं मागे जायला हवं. आपण राणीची बाग म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे प्राणी येतात. पण ही मुळात झाडांसाठी केलेली बाग आहे. शिवडीला अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीची जी वनस्पतींची बाग होती, तिच्या जागी दफनभूमी आली आणि भायखळ्याला नवी बाग उभी राहिली. 1862 मध्ये ती खुली झाली. 1873 मध्ये नगरपालिकेकडे आली. प्राणिसंग्रहालयाची भर पडली ती त्यानंतर, 1890 मध्ये. व्हिक्टोरिया गार्डन्सचं वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान झालं 1969 मध्ये. म्हणजे इथली वडीलधारी आहेत ती झाडं, प्राणी मागून आले. आजच्या भांडणात मला ही गोष्ट सारखी आठवत होती.

म्युझियमच्या बाजूला घारापुरीचा दगडी हत्ती आहे. ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं, तोच हा. ताईने मुलांना तिथे थांबवलं.

ताई : हा बघा, 1864 मध्ये याला इंग्लंडला न्यायचं ठरलं. उचलताना क्रेन तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे जोडून तो पुन्हा उभा केला 1914 मध्ये. आवडलेली वस्तू उचलून आपल्या घरी न्यायची, ही त्या काळाची सवय होती, मावशी. दगडी हत्ती काय आणि जिवंत जनावर काय. प्राणिसंग्रहालयं त्याच सवयीतून निघाली. राज्य किती लांबवर पसरलंय ते दाखवायला जनावरं गोळा करायची.

आई : निघाली असतील. पण जिथून निघाली तिथेच थांबली का? ही इमारत बघ. आताचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. 15 सप्टेंबर 1883 ला इथेच आठ माणसं जमली आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी सुरू झाली. त्यांत आपले दोघे होते. प्रार्थना समाजाचे डॉ. आत्माराम पांडुरंग आणि वनस्पती जाणणारे डॉ. सखाराम अर्जुन. जमून काय करायचं, तर आपापल्याकडचे नमुने एकमेकांना दाखवायचे, त्यावर बोलायचं. त्यांतले काही शिकारीही असतील. पण त्याच संस्थेत पुढे सलीम अली झाले. आज तीच माणसं गिधाडं वाचवतायत. सुरुवात बघण्यातून झाली ना?

ताई : गिधाडांचं नाव काढलंस ते बरं झालं. तो माझ्याच पेशातला प्रकार आहे. गुरांना दुखण्यावर डायक्लोफिनॅक द्यायचे. ते जनावर मेलं की गिधाडं ते खायची आणि मूत्रपिंड निकामी होऊन मरायची. तीन जातींची गिधाडं शंभरातली पाचसुद्धा उरली नाहीत. 2006 मध्ये गुरांसाठी त्या औषधावर बंदी आली. उरलेल्या गिधाडांची पिल्लं वाढवायला हरियाणात पिंजोरला केंद्र त्याआधीच काढलं होतं. मोठमोठे पिंजरे आहेत तिथे, मी नाकारत नाही. पण तिकीटखिडकी नाही, मावशी. रविवारची गर्दी नाही. जातच वाचवायची असेल, तर ती लोकांना दाखवावी लागत नाही. उलट माणसांपासून लांब ठेवावी लागते.

आई : आणि त्या केंद्राला पैसे द्या म्हणून कोण मागणी करणार? ज्याने जन्मात गिधाड पाहिलं नाही तो?

ताईकडे याला लगेच उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही. संवर्धनाला लोकांचं पाठबळ लागतं आणि पाठबळाला ओळख लागते, हे आईचं म्हणणं मला पटतं. पण नुसतं बघितल्याने ओळख होते का, हा ताईचा प्रश्नही उरतोच.

मुलं पुढे पळाली होती. त्यांना गाठायला आम्ही झाडांतून गेलो आणि दोघींचा सूर एकदम खाली आला. या बागेत 3000 च्या आसपास झाडं आहेत, 250 हून जास्त जातींची. मुंबईतल्या दुसऱ्या बागेत इतकी विविधता सापडायची नाही. आफ्रिकेतून आलेली गोरखचिंच आहे. तिच्या फुगलेल्या खोडाला मुलांनी हात पसरून मिठी मारायचा प्रयत्न केला, पण दोघांचे हात एकमेकांना लागेनात. कैलासपतीची फुलं थेट खोडावर लगडलेली होती आणि खाली तोफगोळ्यासारखी फळं पडली होती. पानांचा द्रोण झालेला कृष्णवड आहे. आणि उर्वशी आहे, मूळची ब्रह्मदेशाची. तिचे लालभडक तुरे झुंबरासारखे लोंबतात आणि फुलांच्या पाकळ्यांवर पिवळा ठिपका असतो. जगातल्या सर्वांत देखण्या फुलझाडांत तिची गणना होते. आमच्या शेजारून लोकांचे घोळके जात होते. प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न होता, पेंग्विन कुठे आहेत?

ताई : हीच तर माझी तक्रार आहे. ज्या झाडाखाली उभं राहायला वनस्पतिशास्त्राचा माणूस देशाच्या दुसऱ्या टोकाहून येईल, त्याच्याखालून माणसं मान वर न करता जातायत. प्राणी नसते तर बघितलं असतं त्यांनी वर.

आई : प्राणी नसते तर ती आलीच नसती. आणि प्राणी नाहीत म्हटल्यावर ही जागा कोणीतरी केव्हाच गिळली असती. भायखळ्यात 50 एकर जमीन आहे ही, बाई. आजूबाजूच्या गिरण्यांचं काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

ताई : बागेलाही सोडलं नव्हतं. 2007 च्या सुमाराला 400 कोटींच्या वरची योजना आणली होती ना? परदेशी जनावरं, नवी बांधकामं. झाडांचं काय होणार म्हणून लोक उभे राहिले. त्यांतल्या कितीतरी बाया सकाळी इथे फिरायला येणाऱ्या, झाडं ओळखीची झालेल्या. त्यांनी एकेक झाड मोजलं, नोंदवलं, वारसा समितीपर्यंत गेल्या. ती योजना मागे घ्यावी लागली. बाग वाचवली ती झाडं बघणाऱ्यांनी, वाघ बघणाऱ्यांनी नाही.

आई : हे मात्र खरं. त्या बायकांचे आपल्यावर उपकार आहेत.

आईने असं सरळ मान्य केल्यावर ताईही थोडी नरमली. दोघींनी मिळून मुलांना पाच झाडांची नावं पाठ करायला लावली. मोठीने ती वहीत लिहून घेतली. मला विचाराल तर कुटुंबाने राणीच्या बागेत यावं ते असं, आणि पहिला तास झाडांना द्यावा. बुधवारी बाग बंद असते आणि रविवारी पाय ठेवायला जागा नसते. मधल्या दिवशी सकाळी दार उघडल्या उघडल्या यावं.

पुढे हत्तीची जागा आली. लक्ष्मी आणि अनारकली या दोघी हत्तिणी मुंबईच्या कितीतरी पिढ्यांना ठाऊक. लक्ष्मी गेल्यावर अनारकली एकटी राहिली.

ताई : या एका बाबतीत तरी तू माझ्या बाजूने यायला हवंस. हत्तीण कळपात राहते. आई, मावश्या, बहिणी, मुली, सगळ्या मिळून. दिवसभरात मैलोन् मैल चालते. पाय चालते राहिले तरच हत्तीचं शरीर धड राहतं. माझ्याकडे देवळातले, मिरवणुकीतले हत्ती येतात, त्यांचे तळवे बघवत नाहीत. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणानेच 2009 मध्ये सांगितलं की शहरातल्या प्राणिसंग्रहालयांत हत्ती ठेवू नका, त्यांना अभयारण्यांत आणि हत्तींच्या तळांवर हलवा. सरकारी यंत्रणेलाच हे पटलं.

आई : मलाही पटतं. हिच्यानंतर इथे हत्ती आणू नये.

ताई : मग वाघ का?

आई : कारण वाघ एकटा राहतो. कळपातून तोडल्याचं दुःख त्याला नाही. आणि इथला वाघ काही रानातून धरून आणलेला नाही. 2020 मध्ये शक्ती आणि करिश्मा आले ते औरंगाबादच्या सिद्धार्थ उद्यानातून. तिथेच वाढलेले. पुढच्या वर्षी त्यांना वीरा झाली. त्यांना जंगलात सोडलं तर जगतील का, तू सांग. तू डॉक्टर आहेस.

ताई : नाही जगणार. शिकार आईकडून शिकावी लागते. शिवाय माणसाची भीती गेलेला वाघ गावाजवळ यायचा आणि मारला जायचा. पण म्हणून त्यांना आणखी पिल्लं होऊ द्यायची का? जी जन्मतील ती पुन्हा काचेमागेच. मी आहेत त्यांना हाकला म्हणत नाही. आहेत त्यांना शेवटपर्यंत नीट सांभाळा, नवीन जन्माला घालू नका, एवढंच म्हणते.

वाघाच्या काचेपाशी आम्ही पोचलो तेव्हा तिथे खूप गर्दी होती. जुने गजांचे पिंजरे गेले, आता मोठी मोकळी आवारं आणि समोर जाड काच. वाघ झुडपाच्या सावलीत पाठ करून झोपला होता. शाळकरी मुलांचं एक टोळकं काचेवर थापा मारत होतं आणि त्यांच्याबरोबरची मोठी माणसं हसत होती. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या 38-जे कलमाने प्राणिसंग्रहालयात प्राण्याला खिजवणं, त्रास देणं, खायला घालणं हा गुन्हा आहे. पण कायदा माहीत असलेलं तिथे कोण होतं?

आई पुढे झाली. ती ओरडली नाही. त्यांतल्या सगळ्यांत दांडग्या मुलाला तिने नाव विचारलं, इयत्ता विचारली. मग म्हणाली, याचा कान बघ, पाठ फिरवलीय तरी कान कुठे वळलाय? मुलं बघायला लागली. कान खरोखरच आमच्याकडे वळलेला होता. कानामागचा पांढरा ठिपका दिसतोय का, आईने विचारलं, तो कशासाठी असेल? एकाने सांगितलं, दुसऱ्या डोळ्यासारखा वाटावा म्हणून. दुसरा म्हणाला, पिल्लांना आई दिसावी म्हणून. शास्त्रज्ञही असेच वेगवेगळे अंदाज करतात, ताईने सांगितलं. पाचेक मिनिटं त्या मुलांनी काचेला बोटही लावलं नाही. मग त्यांच्या माणसांनी हाका मारल्या आणि ती गेली. त्यांच्या जागी दुसरं टोळकं आलं आणि थापा पुन्हा सुरू झाल्या.

आई : बघितलंस? सांगितलं की मुलांना कळतं.

ताई : तू सांगितलंस म्हणून कळलं. पण प्रत्येक काचेशी तुझ्यासारखी बाई उभी नसते. माणसाने न सांगता नुसतं दाखवलं, की मूल काय शिकतं? जनावर आपल्यासाठी असतं आणि झोपलेलं असेल तर त्याला उठवायचं असतं, हे शिकतं. मावशी, बंदिवासातलं जनावर एकाच वाटेने येरझारा घालतं, एकाच बाजूला मान हलवत राहतं. तो त्याच्या मनाचा आजार असतो. जगातल्या बऱ्याच प्राणिसंग्रहालयांत तो दिसतो, त्यावर पुष्कळ अभ्यास झालाय. समोर उभ्या असलेल्या बापाला ते माहीत नसतं. तो मुलाला सांगतो, बघ, वाघोबा नाचतोय.

इथे मला माझं म्हणणं मांडायलाच हवं. या दोघींच्या मधोमध एक जागा रिकामी आहे, ती आईसारख्या माणसाची. काचेला, यंत्रांना, दरवाजांच्या कमानींना पैसा मिळतो. प्रत्येक आवारापाशी दिवसभर उभं राहून मुलांशी मराठीत, हिंदीत बोलणाऱ्या माणसाला मिळायला हवा. शिक्षक नसलेली शाळा आपण उघडी ठेवत नाही. मग जिवंत जनावराला आयुष्यभर कोंडून ज्या शिक्षणाचं कारण आपण देतो, ते शिक्षण देणारं कोणी तिथे नसेल, तर कोंडण्याचं कारणच उरत नाही. मला आईची बाजू घ्यायची आहे, पण ती या अटीवर. आणि दुसरी अट ही की, जे जनावर मुंबईच्या हवेत पंखा-यंत्राशिवाय जगू शकतं तेच इथे असावं.

ही दुसरी अट अर्थातच पेंग्विनांवरून सुचली. रांग सगळ्यांत मोठी तिथेच होती. ताई बाहेर थांबणार होती, पण धाकट्याने तिचा हात सोडला नाही.

आत थंडगार. काचेपलीकडे पेंग्विन पाण्यातून तीरासारखे जात होते. धाकटा काचेला नाक लावून उभा राहिला, त्याला हलवणं अशक्य झालं. मोठीने पाटी वाचून विचारलं, पेरू तर विषुववृत्ताजवळ आहे, मग तिथे पेंग्विन कसे? ताईने तिला सगळं नीट सांगितलं. दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याने हंबोल्ट नावाचा गार पाण्याचा प्रवाह वर येतो. त्या पाण्यात मासे भरपूर, म्हणून पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावर हे पक्षी राहतात. बर्फाशी त्यांचा संबंध नाही.

आई : शिकवलंस ना आता? पेंग्विन समोर नसता तर तिने हा प्रश्न विचारला असता?

ताई : कदाचित नसता. आणि पशुवैद्य म्हणून सांगते, हे पक्षी चांगले ठेवलेत. पिसं बघ, पोहणं बघ. अंडी घालतायत, पिल्लं वाढतायत. 2016 मध्ये सेऊलहून आठ आणले, त्यांतला एक तीन महिन्यांतच गेला, तेव्हा मला फार राग आला होता. त्यानंतर सांभाळणाऱ्यांनी मेहनत घेतलीय, ती दिसते. माझा आक्षेप निगेवर नाही, निवडीवर आहे. मे महिन्यात बाहेर माणसं घामाने निथळत असताना इथे 16 ते 18 अंश राखायचे. दिवसरात्र, वर्षभर, वीज गेली तर जनरेटरवर. समुद्राला लागून असलेल्या शहराने समुद्रपक्षी दाखवायला दुसऱ्या खंडातली हवा तयार करायची? शिवडीला जा. तीच शिवडी, जिथून ही बाग आली. हिवाळ्यात तिथल्या चिखलात हजारो रोहित पक्षी उतरतात. आपल्या पायांनी आलेले, आपल्या मर्जीने जाणारे. तिकीट नाही.

आई : शिवडी मला सांगू नकोस, मी मुलींना तिथेही नेलंय. लांबून गुलाबी रेघ दिसते. दुर्बीण नसली तर तेवढंच. पण या पेंग्विनांबद्दल मला तुझ्याहून जास्त राग आहे, तो वेगळ्या कारणाने. 2017 च्या मार्चमध्ये हे लोकांना बघायला खुले झाले आणि त्याच वर्षी तिकीट 5 चं 50 झालं. मी चाळीतल्या बायकांना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, बाई, आधी आम्ही महिन्यातून एकदा पोरांना नुसतं खेळायला न्यायचो. झाडाखाली बसायचो. आता वर्षातून एकदा. म्हणजे पेंग्विन आले आणि झाडाखालची बाई गेली.

एरवी एकही मुद्दा न सोडणाऱ्या दोघी इथे वेगवेगळ्या वाटांनी एकाच ठिकाणी आल्या. ताई निसर्गाच्या बाजूने, आई गरिबाच्या बाजूने. आज असलेले पेंग्विन इथेच सुखाने म्हातारे होऊ देत, त्यांच्यानंतर नवे आणू नयेत, आणि बागेत बसायला येणाऱ्याला प्राण्यांचं तिकीट लावू नये, इथपर्यंत दोघी राजी झाल्या. पण पुढचा प्रश्न येताच पुन्हा फाटे फुटले. मग इथे ठेवायचं तरी काय?

बाहेर बाकावर बसल्यावर ताईने पुण्याचं उदाहरण काढलं.

ताई : पेशवे पार्कात आम्ही लहानपणी जायचो. फुलराणीत बसायचो आणि तिथेच दाटीने ठेवलेली जनावरं बघायचो. 1999 मध्ये पुण्याने ती कात्रजला नेली. केवढी जागा, तळं, टेकड्यांची पाठराखण. पेशवे पार्काची जागा मुलांना खेळायला राहिली. पुण्याला जमलं ते मुंबईला का नाही?

आई : पुण्याला कात्रज होतं. मुंबईला कुठे आहे? मानखुर्दची बाई दोन पोरांना घेऊन हार्बरने येते, भायखळ्यासाठी गाडी बदलते, चालत इथे येते. तिला आणखी लांब पाठवू नकोस. प्राणी कमी करा, परदेशी नको, हत्ती नको, सगळं ऐकते तुझं. पण काहीतरी जिवंत, मोठं, आपल्या मातीतलं तिच्या पोरांसमोर उभं राहायलाच हवं. तू जुन्नरच्या बिबट्यांचं सांगत होतीस ना मघाशी गाडीत?

ताई : माणिकडोहला. उसात जन्मतात, विहिरीत पडतात, सापळ्यात पाय जातो. बरे झालेल्यांना सोडता येतं. पण एखाद्याचा पाय गेला, डोळा गेला, तर त्याला परत सोडता येत नाही. असे बिबटे आयुष्यभर तिथेच.

आई : मग त्यांतला एखादा इथे आणा. कोंडलेला तर तो आहेच. निदान त्याची गोष्ट पोरांना सांगता येईल. ऊस का वाढला, विहिरीला कठडा का नाही, बिबट्या घरापर्यंत का येतो. या शहरातली अर्धी माणसं त्याच गावांतून आलीत. त्यांचे आजीआजोबा अजून तिथे राहतात.

ताई बराच वेळ विचार करत होती. माणिकडोहसारखी केंद्रं लोकांना बघायला नसतात, ती का नसतात, हे तिला चांगलं ठाऊक आहे. माणसाच्या वासाने आणि आवाजाने रानातला बिबट्या गजांवर स्वतःला आपटून घेतो, दात मोडून घेतो.

ताई : लहानपणीच आलेला, माणसांची सवय झालेला असेल तरच. आणि त्याला लपायला भरपूर जागा हवी. झाडी, गुहा, मचाण. समोर यायचं की नाही, ते तो ठरवेल.

आई : आणि दिवसभर आलाच नाही तर?

ताई : तर नाही. पाटी लावायची, आज बिबट्या दिसेलच असं नाही.

आई : माझ्या मुलींना मी तासभर बसवून ठेवलं असतं. पण सुट्टीच्या एका दिवशी आलेला बाप तासभर थांबणार नाही.

ताई : मग तो काय शिकेल?

आई : तो पुन्हा येईल, जर येऊ दिलं तर. बिबट्या दिसला नाही, तर त्याच तिकिटावर पुन्हा आत सोडायचं. दिसेपर्यंत. फुकट.

ताई : हे मला मान्य आहे.

आई : मग वाघालाही हाच नियम लावू या.

ताई : वाघ नाही, मावशी.